खुर्ची पुसली नव्हती

बसस्टँडवर तिला सगळे भोंगाताई म्हणत, आणि तिला त्याचा राग येत नसे. ज्या ड्रायव्हरनं हे नाव ठेवलं त्याला तिनं तिथल्या तिथे सुनावलं होतं, "अरे बाबा, भोंगा निदान ऐकू तरी येतो. तुझी गाडी कधी सुटते ते तुलाच ठाऊक नसतं!" काम तिचं माईकवर बोलायचं. कोणती गाडी आली, कोणत्या फलाटाला लागली, कुणाचं काय हरवलं, कुणाला काय सापडलं. चौकशीच्या खिडकीमागे हातभर केबिन, त्यात दोन टेबलं, एक माईक आणि एक पंखा. पंख्याचं तोंड कायम कंट्रोलरसाहेबांकडे. भोंगाताईच्या वाट्याला फक्त त्याचा आवाज.

या बाईला एक खोड होती. खोड म्हणा, नाहीतर देणगी म्हणा. दिवसभरात काहीही वेडंवाकडं घडलं की ती ते टिपून घ्यायची आणि संध्याकाळी घरी जाऊन लेकीला सांगायची. घरात माणसं दोनच. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. लेकीचं नाव दुसरंच काहीतरी होतं, पण घरात तिला ठमीच म्हणायचे. आई चपला काढतानाच सुरू व्हायची, "ठमे, आज काय झालं माहितीये का?" आणि ठमी हातातलं टाकून ओट्याला टेकून उभी राहायची. गोष्ट एवढीशी असायची. पण भोंगाताई ती साधी कशी सांगेल! तिखटमीठ लावल्याशिवाय तिच्या तोंडून साधा पत्तासुद्धा निघायचा नाही.

त्या तिखटमिठानंच घात केला.

झालं असं की ठमीला नोकरीसाठी बोलावणं आलं. बंदराच्या शहरात मोठा दवाखाना, तिथे रक्त तपासायच्या लॅबमध्ये. पोरगी मुळात भित्री. आत गेली तर समोर तिघं साहेब बसलेले. मधले म्हणाले, "बसा." आणि ठमीच्या तोंडून निघून गेलं, "तुम्हीपण बसा ना." आता बसलेल्या माणसानं आणखी कुठे बसायचं? तिघं एकमेकांकडे बघत राहिले. ठमीनं घरी येऊन हे आईला सांगितलं ते काही हसत सांगितलं नाही. "आई, हात असे थरथरत होते गं माझे. तिथे रोज असंच झालं तर?" म्हणाली आणि रडली. आईनं जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. पुढे नोकरी लागल्याचंही कळलं, सगळं छान झालं.

आणि त्याच आठवड्यात, चहाच्या वेळी, चार ड्रायव्हर-कंडक्टर भोवती उभे असताना भोंगाताईचं तोंड सुटलं. "तुम्हीपण बसा ना" तर सांगितलंच, वर पदरचं घातलं. "एवढ्यावर थांबली नाही हो आमची बया! ओढणीनं साहेबाची खुर्चीसुद्धा पुसून दिली!" असा हशा पिकला की कंट्रोलरसाहेबांनी पंखा बंद करून ऐकलं. दुसऱ्या दिवशी ठमी भाजी घेऊन स्टँडवरून चालली होती, तर तोच नाव ठेवणारा ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळून ओरडला, "काय मॅडम, तुम्हीपण बसा ना! खुर्ची पुसून देऊ का?"

संध्याकाळी भोंगाताई घरी आली तेव्हा ठमी दारातच उभी होती.

"खुर्ची मी पुसली नव्हती, आई."

"अगं, गंमत गं जरा…"

"तुला एक किस्सा हवा होता, मिळाला. यापुढे मी तुला माझं काही म्हणजे काही सांगणार नाही."

भोंगाताईला वाटलं, रात्र गेली की राग जाईल. कसला जातो! त्या दिवसापासून घरात बोलणं सगळं भिंतीशी आणि कपाटाशी. "डबा भरलाय," ठमी भिंतीला सांगायची. "पाणी तापलंय," आई कपाटाला सांगायची. भांडण करायचं तर सरळ करावं माणसानं, आदळआपट करावी, मोकळं व्हावं. हे असलं सभ्य भांडण म्हणजे नुसता जीव खाणारं. भोंगाताईला ठमीच्या जाण्याचं दुःख होतंच, पण खरं बोचायचं ते तिचं शेवटचं वाक्य. पोरगी परक्या गावात एकटी राहणार, रोज काही ना काही होणार, आणि ती ते आपल्याला सांगणार नाही. मग आपण आई कसल्या? खानावळवाली बरी.

आणि आज ठमी चालली होती. सकाळी तिची बॅग दाराशी उभी होती. ठमी भिंतीला म्हणाली, "दुपारची बंदराची गाडी आहे." आई कपाटाला म्हणाली, "बरं." झाला निरोप. रजा टाकता आली असती. पण रजा टाकली तर आई नमली असं ठमीला वाटलं असतं ना! म्हणून बाई ताठ मानेनं कामावर आल्या, आणि खुर्चीत टेकल्या क्षणापासून स्वतःला शिव्या घालत होत्या.

चित्त थाऱ्यावर नव्हतं. बसली की उठावंसं वाटे, उठली की बसावंसं. माईक पुसून झाला, टेबल पुसून झालं, पाणी पिऊन झालं, पुन्हा पिऊन झालं. खिडकीतून मान काढून बघावं तर दिसतात फक्त जवळचे फलाट. बंदराची गाडी लागायची अगदी शेवटच्या फलाटाला, तिकीटघराला वळसा घालून मागे. ठमी तिथे येऊन बसली असेल की नसेल, इथून काही म्हणजे काही कळायला मार्ग नाही. फोन केला तर नुसताच वाजला.

"साहेब, जरा माईकवर बसता का? मागच्या फलाटाकडे जाऊन येते."

"बघतो," कंट्रोलरसाहेब म्हणाले, आणि कुठेही बघितलं नाही.

या गृहस्थांचं सगळं आयुष्य या एका शब्दावर निघालं होतं. पंखा दुरुस्त करा, बघतो. गाडी बंद पडली, बघतो. उद्या कुणी सांगितलं की साहेब, तुमच्या खुर्चीला आग लागली, तर बसल्या बसल्या 'बघतो' म्हणतील आणि वाऱ्यासाठी पंखा आणखी जवळ ओढून घेतील. एरवी भोंगाताईनं हे मनात घोळवून घोळवून संध्याकाळपर्यंत चांगलं मुरवलं असतं. आज तिला नुसता संताप आला.

तेवढ्यात खिडकीशी एक गृहस्थ आले. घामाघूम, हातात दोन पिशव्या.

"बाई, आमची मिसेस हरवली. जरा पुकारता का?"

"नाव काय त्यांचं?"

गृहस्थांनी तोंड उघडलं आणि उघडंच ठेवलं. "नाव… थांबा हं. आहे, नाव आहे तिला."

"असणारच. काय आहे?"

"अहो, गडबडीत… जिभेवर आहे बघा अगदी. पण मी तिला नावानं हाक मारतच नाही ना!"

"मग काय म्हणता?"

"अगं म्हणतो."

भोंगाताईनं एकवार त्यांच्याकडे बघितलं. माणूस रडायच्या बेतात होता. तिनं बटण दाबलं. "अगं, जिथे असशील तिथून चौकशीच्या खिडकीकडे ये. हे इथे उभे आहेत." आणि काय सांगावं! स्टँडवरच्या निम्म्या बायका उठल्या. कुणी पिशवी उचलली, कुणी पोर कडेवर घेतलं, कुणी जागेवरूनच "काय झालं आता?" म्हणून ओरडली. खिडकीसमोर बायकांची ही गर्दी, आणि प्रत्येकीच्या तोंडावर तोच वैताग. त्यात त्यांची 'अगं' मात्र नव्हती. ती शेवटी सावकाश चालत आली आणि म्हणाली, "मला वाटलं दुसऱ्या कुणाला बोलावतायत. यांचा आवाज कुठे एवढा गोड!"

भोंगाताईला हसू फुटलं. लगेच मनात आलं, ठमीला सांगायला हवं. आणि सुरीनं कापावं तसं हसू तुटलं. सांगणार कुणाला? कपाटाला?

गमतीजमतींना तर आज ऊत आला होता. जणू कुणी मुद्दाम पाठवत होतं. झाडूवाल्या मावशींनी एकच चप्पल आणून दिली, डाव्या पायाची, नवीकोरी. भोंगाताईनं पुकारलं, ज्यांची असेल त्यांनी उजवी दाखवून घेऊन जावी. एक जण आला, दोन्ही पायांत बूट. "माझी नाही हो ती," तो म्हणाला, "पण मापाची आहे का तेवढं बघतो."

"एक चप्पल घेऊन करणार काय?"

"सुरुवात तर होईल."

असा माणूस शंभरात एक भेटतो, पण आज त्याला न्याय द्यायला भोंगाताईचं मन कुठे जागेवर होतं! तिनं चप्पल टेबलाखाली सरकवली आणि घड्याळाकडे बघितलं. बंदराच्या गाडीची वेळ होत आली होती. एकदा गाडी लागली की पोरगी चढणार, खिडकीशी बसणार आणि निघून जाणार. मग पुढच्या सुट्टीत येईल तेव्हा म्हणेल, 'सगळं ठीक आहे.' तिच्या मैत्रिणी त्यांच्या आयांना असंच सांगतात. सगळं ठीक आहे. या तीन शब्दांची भोंगाताईला भीती बसली होती. आजाऱ्याच्या खोलीतून बाहेर येऊन डॉक्टर काही न बोलता निघून जावा, तशी भीती.

"साहेब, आता तरी बसता का दोन मिनिटं?"

"बघतो. आधी हे पुकारा." साहेबांनी फोन खाली ठेवला. "बंदराची गाडी फाट्याजवळ पंक्चर झालीये. उशीर होईल."

उशीर होणार! भोंगाताईच्या जिवात जीव आला आणि दुसऱ्या क्षणी उलघाल दुप्पट झाली. म्हणजे अजून वेळ आहे. म्हणजे ती तिथे एकटी ताटकळत बसणार, आणि मी इथे. तिनं बटण दाबलं. वाक्य कसलं, झोपेतसुद्धा म्हणेल असं पाठ. गाडी उशिरा येत आहे, प्रवाशांनी कृपया वाट पाहावी, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. वर्षानुवर्षं तेच. पण डोकं ठिकाणावर असेल तर ना! तिचा तो भरदार, खणखणीत आवाज सगळ्या स्टँडवर घुमला, "बंदराकडे जाणारी गाडी उशिरा येत आहे. प्रवाशांची कृपया वाट लागली आहे."

मग कुठेतरी कुणीतरी फिसकन हसलं.

इथे गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसेल ती भोंगाताई कसली! तिनं पुन्हा बटण दाबलं. "क्षमस्व. प्रवाशांची वाट लागलेली नाही. वाट फक्त पाहायची आहे. लागली तर आम्ही कळवू."

मग काय, बांध फुटला. फलाटावरची माणसं बाकं बडवून हसायला लागली. कंडक्टर तिकीटघराच्या भिंतीला टेकले. कंट्रोलरसाहेबांनी चक्क मान वर करून तिच्याकडे बघितलं. भोंगाताईला घाम फुटला. माईकवर इतक्या वर्षांत तिची जीभ कधी घसरली नव्हती, आणि घसरली ती अशी! तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हळूहळू हसणं ओसरलं, माणसं पुन्हा आपापल्या सामानाकडे वळली.

आणि सगळं शांत झाल्यावर, तिकीटघराच्या मागून एक हसणं आलं. आधी नाकातून एक घुर्र, मग थोडी शांतता, मग धबाधबा, श्वास न घेता, उचकी लागेपर्यंत. अख्ख्या जगात असं हसणारं एकच माणूस होतं, आणि त्याला कायम सगळ्यांच्या नंतर हसायची सवय होती.

भोंगाताई उठली. खुर्ची मागे पडली ती पडूच दिली.

"अहो, कुठे चाललात? माईक?" साहेब ओरडले.

"बघते," ती म्हणाली आणि सुटली.

एरवी चार पावलांची वाट, पण त्या दिवशी संपेना. पहिल्याच बाकावरचा म्हातारा म्हणाला, "काय ताई, लागली का आमची?" तिनं कसंनुसं हसून दाखवलं. पुढे दोन कॉलेजची पोरं एकमेकांना सांगत होती, "ती म्हणाली, प्रवाशांनी कृपया आपापली वाट लावून घ्यावी!" असं नव्हते म्हणाले मी, भोंगाताईच्या अगदी ओठांवर आलं. पाण्याच्या नळाशी एक कंडक्टर नकला करून दाखवत होता, आणि त्याच्या नकलेत भोंगाताई माईकवर रडतसुद्धा होती. रडले कुठे मी? तिचे कान तापले. चालता चालता तिला वाटलं, या खांबामागे लपावं, जमीन दुभंगावी. आणि माझी पोर, भाजीची पिशवी हातात घेऊन, याच फलाटावरून, अशीच चालत गेली होती. तिनं तर कुणाचं काही वाकडंही केलं नव्हतं. भोंगाताईला त्या क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली की पाय ओढत ओढत ती कशीबशी कोपऱ्यावर पोचली.

ठमी शेवटच्या फलाटावर बॅगेवर बसली होती. डोळे हसून हसून ओले. आईला बघताच तिनं ते पुसले आणि तोंड पुन्हा सरळ केलं.

"खुर्ची तू पुसली नव्हतीस," आई म्हणाली. दम लागला होता. "ते मी पदरचं घातलं. आणि बाकीचंही सांगायला नको होतं. ते तुझं होतं."

"मला माहितीये मी पुसली नव्हती ते," ठमी म्हणाली. भिंतीला नाही, आईला. "मला सांगून काय उपयोग? ज्यांना सांगितलंस त्यांना सांग."

तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला. बंदराची गाडी वळसा घालून आत आली, आणि चालवत कोण होता? तोच, नाव ठेवणारा. ठमीला बघताच त्यानं ब्रेक मारता मारताच तोंड उघडलं, "काय मॅडम! या, या, तुम्हीपण बसा ना! सीट पुसून…"

"ए, थांब," भोंगाताई म्हणाली. आवाज माईक नसतानाही माईकवरचाच होता. फलाटावरची सगळी माणसं वळली. "तिनं कुणाची खुर्ची पुसली नव्हती. ते मी खोटं सांगितलं होतं. सगळं स्टँड हसवायची हौस मला, आणि भोगलं पोरीनं. तर आता हसायचंच असेल तर मला हस. आज आयतं कारणही दिलंय मी."

ड्रायव्हर बिचारा गडबडला. खिडकीतून आत सरकला, पुन्हा बाहेर आला. "म्हणजे… नव्हतीच पुसली?"

"नव्हतीच."

"काय ताई तुम्ही! निम्मी मजा तर तीच होती," तो पुटपुटला, आणि मग खाली उतरून त्यानं ठमीची बॅग स्वतः उचलून आत नेऊन ठेवली.

वर भोंगा खरखरला. कंट्रोलरसाहेब, जन्मात पहिल्यांदा, माईकवर बसले होते. "हॅलो. हॅलो. बंदराची गाडी… आली का हो? बघतो." सगळा फलाट पुन्हा हसला. ठमीनं आईकडे चोरून बघितलं. भोंगाताईला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही कसं एकदम करायचं ते काही केल्या जमत नव्हतं.

ठमी आत चढली, खिडकीशी बसली. भोंगाताई खाली उभी. जेवत जा, झोपत जा, असलं काहीतरी ती बोलत राहिली. ठमी मान हलवत होती. गाडी सुरू झाली, खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या. आता जाणार, आता जाणार, आणि पुढच्या सुट्टीत म्हणणार, सगळं ठीक आहे. भोंगाताईनं खिडकीची कड घट्ट धरून ठेवली.

"आई," ठमी एकदम म्हणाली. तिनं इकडेतिकडे बघितलं आणि खिडकीतून वाकली. "कान इकडे कर. आज सकाळी तिकीट काढायला गेले ना, तेव्हा पुन्हा माझी अशी फजिती झाली…"

आणि तिनं ती आईच्या कानात सांगितली. गाडी हलली तरी सांगत होती, भोंगाताई खिडकी धरून सोबत चालत ऐकत होती, आणि शेवटचा शब्द ऐकल्यावर हात सोडून ती फलाटावर उभी राहिली आणि हसायला लागली. इतकी हसली की खांब धरावा लागला. ठमी लांब जाईपर्यंत खिडकीतून हात हलवत होती.

"काय झालं? काय म्हणाली?" नळाशी नकला करणारा कंडक्टर धावत आला. बाकावरचा म्हातारा आला, कॉलेजची पोरं आली. संध्याकाळी चहाला सगळ्यांनी घेरलं. कंट्रोलरसाहेबांनी तर पंखा तिच्याकडे वळवून विचारलं. इतकं हसण्यासारखं त्या पोरीनं सांगितलं तरी काय?

भोंगाताईनं चहाचा कप तोंडाला लावला. "काही नाही," ती म्हणाली.

त्यानंतर कुणी किती वेळा विचारलं, किती गळ घातली, ड्रायव्हरनं तर पाया पडायची तयारी दाखवली. पण ठमी तिकिटाच्या खिडकीशी काय बोलली होती, ते त्या स्टँडवर आजतागायत कुणालाही माहीत नाही.